साडेतीन टक्के



व्याख्यानाचे नाव कळल्यावर दोघा-तिघांनी मला काळजीने फोन केले. या वयात जातीच्या भानगडीत कशाला पडता, असा त्यांचा सूर होता. पडत नाही, निश्चिंत असा. आपल्याला साडेतीनचा आकडा मुळातच लाडका. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणेसुद्धा मोजून साडेतीन. त्याच यादीत बसणारे आणखी एक साडेतीन आहेत आणि ते लालबाग-परळच्या याच वस्तीतल्या साच्यांवर विणले गेले. १८९६ साली सरकारने हिंदुस्थानातल्या गिरण्यांत तयार होणाऱ्या कापडावर शेकडा साडेतीन रुपये जकात बसवली. ती २९ वर्षे चालली. ती का बसली, तिच्याशी कोण कोण भांडले आणि अखेर ती कोणी घालवली, एवढाच आजचा विषय.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, ते रात्रशाळेत गणित शिकवीत. दिवसपाळी करून आलेले, केसांत कापसाची पिंजण अडकलेले पुरुष बाकावर पेंगत बसायचे आणि गुरुजी त्यांना शेकडेवारी शिकवायचे. उदाहरणे पुस्तकातली नसत, पगाराच्या पाकिटातली असत. मी त्यांच्या अगदी शेवटच्या विद्यार्थ्यांपैकी. म्हणून आज इतिहासाच्या तासाला मधूनमधून गणित येईल.

कर आणि क्रांती हे दोन शब्द एकत्र आले की शाळेतल्या पुस्तकातला बोस्टनचा चहा आठवतो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकन वसाहतवाल्यांनी चहाच्या ३४२ पेट्या फोडून बंदरात ओतल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. म्हणजे त्या रात्री ज्या मालकाचा माल बुडाला, त्याच मालकाचे निशाण त्या वेळी आपल्या मुंबईच्या किल्ल्यावर फडकत होते. कर किती, तर पौंडामागे तीन पेन्स. गंमत अशी की सरकारने कंपनीला दिलेल्या सवलतींमुळे हा चहा कर धरूनही स्वस्तच पडणार होता. तरीही तो समुद्रात गेला, कारण आम्हाला विचारल्याशिवाय कर लावणारे तुम्ही कोण, हा त्यांचा सवाल होता. पुढे तीन वर्षांत त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले.

आपल्याकडे अशी एक रात्र दाखवता येत नाही. आपले भांडण लांबले, अर्जविनंत्यांतून गेले, कौन्सिलात गेले, वर्तमानपत्रांत गेले, नाक्यावर आले. त्यामुळे त्याची गोष्ट सांगायला अवघड आणि म्हणूनच ती कोणी फारशी सांगत नाही.

सुरुवात गिरण्यांच्याही आधीची आहे. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर या एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या तरुणाने 'बॉम्बे गॅझेट'मध्ये टोपणनावाने पत्रे लिहिली. तुमच्या राज्यात आमचा पैसा देशाबाहेर चालला आणि आमचे विणकर बसले, असा त्यांचा रोख होता. इंग्रजीत, इंग्रजांच्याच पत्रात आणि इतक्या कडवटपणे की आजही वाचताना दचकायला होते. त्याच वर्षी भाऊ महाजनांचा 'प्रभाकर' निघाला आणि त्यात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली. देशी कापड जाडेभरडे असले तरी तेच नेसावे, विलायती घेऊ नये, ही सूचना त्यांत आहे. 'स्वदेशी' हा शब्द चळवळीचे नाव व्हायला अजून पन्नासाहून अधिक वर्षे होती. पुढे दादाभाईंनी हीच गोष्ट आकड्यांत मांडली आणि ती जगभर गेली. पण पहिला चटका शिकलेल्या मराठी पोरांना बसला होता, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला त्यांची गिरणी फिरू लागली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चिमण्यांची रांग ताडदेवपासून परळपर्यंत पोचली. कोकणातून, घाटावरून माणसे आली. आपले पणजोबा आले. १८७५ साली गिरणीमालकांनी आपला संघ काढला, तोवर मँचेस्टरला या चिमण्यांचा धूर दिसू लागला होता.

आता थोडे बारकाईने पाहावे लागेल. त्या वेळी परदेशी कापडावर शेकडा पाच आणि सुतावर शेकडा साडेतीन अशी आयात जकात होती. सरकारी तिजोरी भरावी एवढाच तिचा हेतू. मुंबईच्या गिरण्यांना आसरा द्यावा असे कोणाच्या मनातही नव्हते. पण मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी ओरड सुरू केली की हा आसराच आहे आणि तो मुक्त व्यापाराच्या तत्त्वाविरुद्ध आहे. मँचेस्टरमध्ये मते होती, ती पार्लमेंटात जात होती. मुंबईत चिमण्या होत्या, पण मते नव्हती. १८७७ मध्ये कॉमन्स सभेने ठराव केला की ही जकात शक्य तेव्हा काढून टाकावी. १८७९ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लिटनने आपल्याच कौन्सिलातल्या बहुमताला बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरची जकात माफ केली. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता, अफगाणिस्तानात लढाई चालू होती, तिजोरीत खडखडाट होता आणि अशा वेळी सरकार हातचे उत्पन्न सोडत होते!

आणि बघा, नेमक्या त्याच दिवसांत वासुदेव बळवंत फडके पुणे जिल्ह्याच्या डोंगरांत रामोशांना घेऊन सावकारांवर दरोडे घालत होते. फडके सरकारी हिशेबखात्यातले कारकून. न्यायमूर्ती रानड्यांची देशी व्यापारावरची व्याख्याने त्यांनी पुण्यात ऐकली होती. रानड्यांनी व्याख्यान दिले, सार्वजनिक काका जोशी अंगावर खादी घालून १८७७ च्या दिल्ली दरबारात जाऊन बसले आणि फडक्यांनी तलवार उचलली. एकाच शहरातल्या, एकाच प्रश्नाने अस्वस्थ झालेल्या या तीन तऱ्हा. फडके जुलैत पकडले गेले, एडनच्या तुरुंगात १८८३ साली वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, कापडासकट जवळजवळ सगळी आयात जकात रद्द झाली होती.

बारा वर्षे दारे सताड उघडी राहिली. मग रुपया घसरला, विलायतेला पाठवायच्या रकमांचा बोजा वाढला आणि १८९४ साली सरकारला झक मारत पुन्हा आयात जकात लावावी लागली. पहिल्यांदा, मार्चमध्ये, इतर मालावर लावली आणि कापड वगळले. देशभर ओरड झाली तेव्हा डिसेंबरात कापडावरही शेकडा पाच लावले, पण त्याच फटक्यात देशी गिरण्यांच्या वीस नंबरापेक्षा बारीक सुतावरही तेवढाच कर बसवला. लँकेशायरचे, म्हणजे मँचेस्टरच्या मुलुखाचे, समाधान तेवढ्यानेही झाले नाही.

वीस नंबर म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको, पण तरुण मंडळींसाठी सांगतो. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. आपल्या गिरण्या तेव्हा मुख्यत: वीस आणि त्याखालचे जाड सूत काढत, त्यातले कितीतरी चीनला जाई. लँकेशायरचा माल बारीक सुताचा, मलमलीच्या जातीचा. म्हणजे दोघांचे दुकान एका गल्लीत नव्हतेच. मग त्यांचे म्हणणे काय? तर तुमचे जाडे कापड करातून सुटले आणि आमच्या बारीक कापडावर कर बसला तर गिऱ्हाईक जाड्याकडे वळेल. म्हणून १८९६ च्या कायद्याने सुतावरचा कर काढला आणि कापडावर, परदेशी असो की देशी गिरणीचे, सरसकट शेकडा साडेतीन लावले. हातमाग तेवढा सुटला.

वरून पाहिले तर किती न्यायाचे! दोघांनाही सारखे. आता गुरुजींच्या पद्धतीने पाटी घ्या. कालपर्यंत बारीक विलायती कापडावर पाच होते, आज साडेतीन झाले. म्हणजे तलम धोतर नेसणाऱ्याला शेकडा दीड रुपयाची सूट मिळाली. कालपर्यंत जाड्या देशी पंचावर काही नव्हते, आज साडेतीन आले. म्हणजे शेतकऱ्याच्या, हमालाच्या, गिरणीत राबणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यावर नवा कर आला. तोही अशा कपड्यावर, जो लँकेशायर फारसा बनवतच नव्हते. रुपयाला हा कर पडत होता पावणेसात पै, अर्ध्या आण्याहून किंचित जास्त. सरकारी तिजोरीला त्याचा मोठा हातभार लागत होता असेही नाही. तो होता तो बरोबरी साधण्यासाठी: तुमच्याच घरात तयार झालेल्या मालाला परक्याच्या मालाइतके ओझे, म्हणजे परक्याला वाईट वाटायला नको. बोस्टनच्या तीन पेन्सांत जो अपमान होता, तोच या पावणेसात पैंत होता. कौन्सिलात फिरोजशहा मेहतांसारखी मंडळी बोलली, चांगली बोलली. पण बहुमत सरकारी सभासदांचे आणि हुकूम लंडनचा.

टिळकांनी 'केसरी'तून विलायती कापड टाकून द्या असे बजावले. पुण्यात विद्यार्थ्यांनी विलायती कपड्यांची होळी केली. बंगालच्या बहिष्काराच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे आणि तरी ती आपल्याच इतिहासात तळटिपेत पडली. कारणे साधी होती. पावसाळा सरला आणि सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. लाखो माणसे शहर सोडून गावी पळाली. त्यावर दुष्काळ. माणसे मरत असताना धोतर कुठले, हे कोण पाहणार? दुसरे कारण मात्र जरा टोचणारे आहे. ज्यांच्या कापडासाठी हा बहिष्कार होता, ते गिरणीमालक त्यात फारसे उतरलेच नाहीत. त्यांची यंत्रे लँकेशायरची, त्यांचे तंत्रज्ञ लँकेशायरचे, कित्येकांचा धंदा चीनच्या बाजाराशी. अर्ज करणे त्यांना मानवत होते, होळी मानवत नव्हती.

इथे मला थोडे आडवळणाला जायचे आहे, कारण जकातीची गोष्ट सांगणारे हे वळण नेहमी टाळतात.

मँचेस्टरने जकात काढण्याचा लकडा लावला तेव्हाच आणखी एक मागणी लावून धरली होती: मुंबईच्या गिरण्यांत माणसांना फार तास राबवतात, त्यावर कायदा करा. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. मागणी करणाऱ्यांचा हेतू शुद्ध नव्हता, हे उघड आहे. हिंदी मजूर कमी तास राबला तर हिंदी कापड महाग होईल, हा त्यांचा हिशेब. आपल्या राष्ट्रवादी पत्रांनी तो ओळखला आणि कायद्याला विरोध केला. 'केसरी'नेही केला. देशी धंद्याचा गळा घोटण्याचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे.

आणि त्याच वेळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस परळला कामगारांच्या सभा घेत होता. सप्टेंबर १८८४ मधल्या त्या सभांतून साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज निघाला: रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार वेळेवर द्या. लोखंडे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातले, 'दीनबंधू' चालवणारे. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मालकांनी मान्य केली. ती पुढे साऱ्या देशाची झाली आणि आज सॉफ्टवेअर कंपनीतला माझा नातूही ती उपभोगतो, लोखंड्यांचे नाव न जाणता. प्लेगच्या त्याच साथीत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, लोखंडे गेले.

मँचेस्टरचा हेतू वाईट म्हणून कामगाराची मागणी खोटी ठरत नाही. पण त्या काळातल्या मोठ्या मोठ्या माणसांना हे दिसले नाही. देशाचा शत्रू जे मागतो त्याला नकार, एवढे सोपे गणित त्यांनी मांडले. लोकमान्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो या कामगारवस्तीत वाढलेल्या माणसाचा आदर आहे. तरी या एका बाबतीत लोखंडे बरोबर होते आणि 'केसरी' चूक होता, असे मी स्वच्छ म्हणतो.

याचा पुरावा १९०५ मध्ये मिळाला. बंगालची फाळणी झाली, बहिष्कार पुकारला गेला, मुंबईच्या धोतरांना कधी नव्हे एवढी मागणी आली. बंगालचे पुढारी गिरणीमालकांना विनवत होते की भाव चढवू नका. भाव चढले. गिरण्यांत नुकतेच विजेचे दिवे आले होते. पूर्वी सूर्य मावळला की साचे थांबत, आता थांबायचे कारण उरले नाही. चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. १९०५ च्या शरदात कामगारांनी याच भागात दगडफेक केली ती या तासांच्या विरुद्ध. म्हणजे देशभर स्वदेशीची लाट आणि लाटेच्या तळाशी आपला पणजोबा डोळे चोळत साच्यापुढे उभा. तासांवर बारा तासांची हद्द यायला १९११ चा कायदा उजाडला.

असे असूनही, टिळकांना शिक्षा झाली तेव्हा हाच कामगार रस्त्यावर आला. २२ जुलै १९०८ च्या रात्री हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सहा दिवस गिरणगाव बंद राहिले. वर्षाला एक दिवस, अशी त्याची मोजणी आमच्या चाळीतले म्हातारे करीत. मुळजी जेठा मार्केटही बंद झाले. लष्कर आले, गोळ्या चालल्या, माणसे मेली. 'केसरी'चा तासांबद्दलचा अग्रलेख या माणसांनी वाचला नव्हता, आणि वाचला असता तरी ती आली असती, असे मला वाटते. एखादा माणूस आपल्यासाठी सरकारशी भांडतो एवढे त्यांना कळत होते. माणसे आपल्या पुढाऱ्यांपेक्षा मोठ्या मनाची असतात, हे मी या वस्तीत पुष्कळदा पाहिले.

मधली वर्षे झपाट्याने सांगतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानने इंग्लंडला दहा कोटी पौंड दिले आणि ती रक्कम उभी करण्यासाठी १९१७ मध्ये परदेशी कापडावरची जकात शेकडा साडेसात झाली. देशी कापडावरचे साडेतीन तसेच राहिले. पहिल्यांदा तराजूचे पारडे हलले. लँकेशायर चवताळले, पण लढाई चालू होती. १९२१ मध्ये आयात जकात अकरावर गेली. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींनी इथेच, परळला, उमर सोबानींच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विलायती कपड्यांची प्रचंड होळी पेटवली. साडेतीन मात्र जिथल्या तिथे. रानडे गेले, फिरोजशहा गेले, टिळक गेले, ठराव झाले, होळ्या झाल्या. साडेतीन कायम.

आणि आता १९२५. माझ्या मते या गोष्टीचा गाभा इथे आहे.

लढाईत गिरण्यांनी खोऱ्याने पैसा कमावला. लढाईनंतर तेजी ओसरली, जपानचे कापड आले. १९२४ च्या सुरुवातीला कामगारांनी बोनससाठी संप केला आणि ते हरले. पुढच्या वर्षी मालकांनी जाहीर केले की पगारात साडेअकरा टक्के कपात होईल. धंदा परवडत नाही, सरकार ही देशी कापडावरची जकात काढत नाही, आम्ही तरी काय करणार? जकात काढली तर कपात मागे घेऊ, असेही ते म्हणाले.

पाटी घ्या. महिन्याला तीस रुपये मिळवणारा माणूस धरू. साडेअकरा टक्के म्हणजे तीन रुपये सात आणे. वाण्याची निम्मी-पाऊण उधारी. आता दुसरे गणित. कापडाच्या किमतीत मजुरीचा वाटा पाव धरा, हिशेबापुरता. शंभर रुपयांच्या कापडात पंचवीस रुपये मजुरी. तिच्यातून साडेअकरा टक्के कापले की वाचतात दोन रुपये चौदा आणे. आणि शंभर रुपयांच्या कापडावर जकात किती, तर साडेतीन रुपये. आकडे किती जवळ आले ते पाहा. मँचेस्टरच्या समाधानासाठी बसवलेला कर मालक आता कामगाराच्या पगारातून वसूल करायला निघाले होते. गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरचा एक साचेवाला उठून उभा राहिला होता, एवढे आठवते. बोलला काही नाही.

कामगारांना शेकडेवारी येत नव्हती, पण पाकीट कळत होते. १५ सप्टेंबर १९२५ पासून संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर पडली. भोंगे वाजेनात. कोकणातले कोकणात गेले. भातकापणीचे दिवस, गावी हात हवेच होते. घाटावरचे घाटावर गेले. जे राहिले त्यांना खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातले. त्या बायकांचे नाव संपाच्या इतिहासात सहसा येत नाही, पण दोन-अडीच महिने संप चालला तो त्यांच्या चुलीवर. ना. म. जोशी, जोसेफ बॅप्टिस्टा, सी. के. बोले ही मंडळी बोलणी करत होती, कामगारांतून वर आलेले अर्जुन आळवे आणि मयेकर होते. पण मजबूत म्हणावी अशी युनियन तेव्हा नव्हतीच. ना. म. जोश्यांनी मोठी युनियन काढली ती संपानंतर, १९२६ च्या जानेवारीत.

सगळ्यांना सारखीच झळ लागली असेही मी म्हणणार नाही. साचाखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, पगार बरा, आणि तिथे दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, ते विटाळेल म्हणून. त्याला सूत कातायच्या त्रासनखात्यात, कमी पगारावर. साडेअकरा टक्के आधीच कमी असलेल्या पगारातून गेले तर काय उरते? बाबासाहेबांनी पुढे १९२८ च्या संपात हाच प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. १९२५ मध्ये तो कोणी विचारला नाही. सगळे मिळून बाहेर बसले मात्र.

नोव्हेंबर संपत आला तरी माणसे परत येईनात, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगने वटहुकूम काढला आणि १ डिसेंबर १९२५ पासून देशी कापडावरची जकात तहकूब केली. मालकांनी कपात मागे घेतली. कामगार जुन्या पगारावर परत आले. पुढल्या वर्षी जकात कायद्याने रद्द झाली. एकोणतीस वर्षांच्या अर्जांनी, कौन्सिलातल्या भाषणांनी आणि होळ्यांनी जे साधले नाही, ते अडीच महिने उपाशी बसलेल्या माणसांनी साधले.

यावर एक विद्वान मित्र मला म्हणाले, अहो, मालकांनी कामगारांना पुढे करून आपले काम करून घेतले. असेल. कपात जाहीर करतानाच मालकांची नजर दिल्लीवर होती, हे मलाही दिसते. पण पुढे केलेला माणूस उपाशी राहायला तयार नसता तर? आणि फायदा कोणाला झाला म्हणाल, तर मोठा वाटा मालकांनाच. तीन वर्षांनी त्यांनी जास्त साचे आणि कमी माणसे अशी नवी रीत आणली आणि १९२८ मध्ये सहा महिन्यांचा संप झाला. साडेतीन टक्के सुटले म्हणून कामगाराच्या ताटात एक भाकरी वाढली, असे कोणी म्हणू नये.

१९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचे तुम्हाला माहीत आहे, ते मी लांबवत नाही. चौपाटीवर मीठ झाले, गिरगावात काँग्रेस हाउसच्या गच्चीवर झाले, वडाळ्याच्या मिठागरांवर हजारो माणसे चालून गेली. अवंतिकाबाई गोखले आणि त्यांच्या जोडीच्या गिरगावकर बायका कापडाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभ्या राहिल्या. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विलायती कापडाने भरलेल्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवा झाला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, बावीस वर्षांचा गिरणी कामगार. त्याच्या अंगावरून लॉरी गेली. पाठ्यपुस्तकात तो एकटाच आडवा झालेला दिसतो, जणू कुठून तरी अवचित आला. तो अवचित आला नव्हता. ज्या वस्तीतून तो आला, तिथे कापडाच्या कराचा हिशेब पाच वर्षांपूर्वी उपासाने चुकता झाला होता.

आता एक विनंती करतो आणि बसतो. १९२५ च्या त्या संपात आपल्यापैकी बऱ्याच घरांतले कोणीतरी होते. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि दफ्तरे रद्दीत गेली. पण चाळीतल्या खोलीतून टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये जाताना आजीची पत्र्याची ट्रंक आपण बरोबर नेली असेल. ती एकदा उघडा. पगाराची चिठ्ठी, बदलीचा पास, खानावळीची वही, गावाहून आलेले एखादे कार्ड, काहीही सापडले तर या ग्रंथालयात घेऊन या. आम्ही प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देऊ. ग्रंथालय सोमवारी बंद असते. इतर दिवशी संध्याकाळी पाच ते आठ कोणीतरी टेबलावर असते.